येमाई ग्रेडरचं अनावरण

ज्या तालुक्याचा माल सातासमुद्रापार जातो, त्या तालुक्याकडे इतिहास मान वळवून पाहतो. हे वाक्य ‘भीमा-घोड निर्यात प्रोत्साहन मंडळा’च्या फ्लेक्सवर सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं, आणि फ्लेक्स शिरूरच्या बाह्यवळणावर अशा जागी लावला होता की तो वाचायला खरोखरच मान वळवावी लागायची. दोन मोटरसायकली त्यापायी चारीत गेल्या. इतिहासाचं अजून काही कळलेलं नव्हतं.

मंडळ दोन तालुक्यांचं. अध्यक्ष दौंडचा, कार्याध्यक्ष शिरूरचा, अशी वाटणी स्थापनेच्या दिवशीच झाली होती. मंडळाने काय करायचं हे नंतर ठरलं. अध्यक्ष सोपानराव, म्हणजे आप्पा, पाटसकडचे मोठे बागायतदार. त्यांनी आजवर तालुक्याबाहेर पाठवलेला एकमेव माल म्हणजे पुण्याला एमबीएला ठेवलेला मुलगा पृथ्वीराज, आणि तोही परत आला होता. कार्याध्यक्ष जयसिंगराव, म्हणजे दादा, यांची शिरूरला दोन मंगल कार्यालयं आणि हायवेला एक पेट्रोल पंप. निर्यातीशी त्यांचा संबंध इतकाच, की बंदराकडे जाणारे कंटेनर त्यांच्याकडे डिझेल भरायला थांबत.

परदेशातल्या प्रदर्शनाला उद्योजकांचं शिष्टमंडळ गेलं तर खर्चातला बराचसा वाटा एका योजनेतून मिळतो, हा शोध पृथ्वीराजने लावला. दार-ए-सलाम नावाच्या शहरात शेती-यंत्रांचं प्रदर्शन होतं. ते आफ्रिकेत आहे, हा शोध मंडळाने नंतर लावला. अट एकच होती. शिष्टमंडळात किमान एक जण तरी स्वतः काही तरी बनवणारा असावा.

दादांच्या मंगल कार्यालयात बैठक भरली.

“आपल्यात बनवतं कोण काय?” आप्पांनी विचारलं.

जमलेली मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. कुणी प्लॉटिंगवाला होता, कुणी मुरमाचा ठेकेदार. एक जण कुरकुंभच्या कंपन्यांना कामगार पुरवायचा.

“मानसं धरत्यात का त्याच्यात?” त्याने विचारलं.

“नाही धरत,” पृथ्वीराज मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला. “प्रॉडक्ट पाहिजे.”

“मग अवघडे,” ठेकेदार म्हणाला. “आपल्याकडं सगळं हाय, तेवढंच न्हाई.”

तेव्हा दादांना कवठे येमाईचा रोहिदास इचके आठवला.

रोहिदास पूर्वी कुरकुंभला केमिकल कंपनीत फिटर होता. कंपनीतले पाइप जोडता जोडता त्याच्या डोक्यात कांदा शिरला. गावात कांदा निघाला की बाया ढिगाभोवती बसून मोठा, मध्यम आणि गोल्टी असा निवडत. रोहिदासने कमी-जास्त फटीचे रूळ लावून, मोटर जोडून, एक यंत्र बनवलं. वरून कांदा ओतायचा, खाली तीन तोंडांतून तीन वेगवेगळ्या पिशव्यांत पडायचा. नोकरी सोडून त्याने गावात शेड टाकलं, यंत्राला गावदेवीचं नाव दिलं आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसला.

यंत्र चांगलं होतं. त्याचा दोष एकच, ते इमानदार होतं. गोल्टी तळाशी भरून वर मोठा कांदा मांडायची कला बायांच्या हातात होती, ती यंत्राला येत नव्हती. शेतकरी येत, बघत, रुळांवरून हात फिरवत, चहा घेत. जाताना म्हणत, “लय भारी बनवलंय रोहिदास. पर आमच्या काय कामाचं न्हाई.”

त्यामुळे दार-ए-सलामचं बोलावणं आलं तेव्हा त्याच्या बायकोने, सारिकाने, त्याच्याआधी होकार देऊन टाकला.

“तिकडचं लोक पिशवी उपडी करून बघत असत्याल, तर आपलं भागलं,” ती म्हणाली. शेडचा सगळा व्यवहार तीच बघायची. रोहिदासकडे फक्त वेल्डिंग आणि आशा ही दोन खाती होती. “पर आवो, एक ध्यानात ठिवा. एक तरी ऑर्डर घेऊनच या. न्हाई तर शेडाला कुलूप, आन् तुमी पुन्हा कुरकुंभला. कॉटवर झोपायचं, मेसचं खायाचं, आन् हप्त्यातनं एकदा पोरांची तोंडं बघायची.”

“एक तर मिळंलच की.”

“मी एकच म्हंतीय. दुसरी मागितली का?”

कुरकुंभची जागा महिनाअखेरपर्यंत त्याच्यासाठी धरून ठेवलेली होती. ती आप्पांच्या शब्दावर. शेडला थ्री-फेजची लाइन मिळाली होती, ती दादांच्या शब्दावर. म्हणजे रोहिदासच्या डोक्यावर दोन्ही तालुक्यांचा हात होता, आणि त्यामुळे मान फारशी हलवता येत नव्हती.

यंत्र बोटीने पुढे गेलं. शिष्टमंडळाने तयारी सुरू केली. तयारी म्हणजे शाली. आप्पांचं म्हणणं असं, की परक्या मुलखात आपल्याला कोणी ओळखत नाही, तेव्हा पहिली छाप सत्काराची पडली पाहिजे. दोन बॅगा शाली, एक बॅग फेटे, फेटे बांधणारा एक माणूस (तो ‘तांत्रिक सल्लागार’ म्हणून गेला), स्मृतिचिन्हं आणि नारळ. माहितीपत्रकं छापायची राहून गेली, कारण छापखान्यात आधी निमंत्रणपत्रिका गेली होती. निमंत्रणपत्रिकेवर अकरा फोटो होते. यंत्राचा नव्हता. जागा उरली नव्हती.

हातातल्या बॅगेतले नारळ मुंबईच्या विमानतळावर काढून घेतले तेव्हा मंडळ हवालदिल झालं. आप्पांना तर हा अपशकुनच वाटला. दार-ए-सलामला उतरून बाहेर आल्यावर पाहतात तो रस्त्याच्या दुतर्फा नारळाचीच झाडं.

“म्हंजी इथंबी सत्कार असत्याल,” ठेकेदार समाधानाने म्हणाला.

खरा घोळ मात्र नारळाचा नव्हता. तो कापडाचा होता.

यंत्र स्टॉलवर वेळेत पोचलेलं होतं. रोहिदासने फळ्या उचकटल्या, रूळ पुसले, मोटर जोडून बघितली. मग आप्पांनी बॅगेतून भगवं मखमली कापड काढलं आणि यंत्रावर पसरून त्याला रोहिदासकडून लाल फीत बांधून घेतली. आपल्याकडे कुठलीही गोष्ट झाकल्याशिवाय उघडता येत नाही. पाण्याची टाकी असो, शौचालय असो, नाही तर बसथांबा; आधी झाकायची, मग मान्यवराच्या हस्ते उघडायची. अनावरण होईपर्यंत ती वस्तू अस्तित्वातच नसते. कवठ्याच्या एका वस्तीवर हातपंप असाच दोन उन्हाळे गोणपाटात उभा होता आणि बाया शेजारून घागरी घेऊन विहिरीला जात होत्या; गोणपाट काढायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

“तर मग,” आप्पा घसा साफ करून म्हणाले, “करायचं का अनावरण?”

“करूयात की,” दादा म्हणाले. “कुणाच्या हस्ते?”

दोघेही एकमेकांकडे बघून हसले. हे हसू मंडळातल्या लोकांना ओळखीचं होतं. याच हसण्यापायी मंडळाच्या कार्यालयाला दोन दारं पाडावी लागली होती.

“आप्पा, तुम्ही वडीलधारे. तुमचाच मान,” दादा म्हणाले. “फक्त यंत्र शिरूर तालुक्यातलं हाय, एवढंच.”

“व्हय व्हय. तुमच्याच हस्ते होऊ द्या, दादा,” आप्पा म्हणाले. “फक्त अध्यक्ष हजर असताना कार्याध्यक्षानं फीत कापली, आसं पेपरात यायला नको. लोक तुम्हालाच नावं ठेवत्याल.”

हे बराच वेळ चाललं. दोघांनीही इतक्या आग्रहाने माघार घेतली, की कुणीच पुढे येऊ शकलं नाही. शेवटी तोडगा निघाला, की दोघांच्याही वरचा कुणी तरी आणावा. तिथे आपल्या देशाच्या वतीने नेमलेले एक बडे अधिकारी होते. त्यांना निरोप गेला. त्यांच्याकडून उत्तर आलं की तीन दिवसांत सवड मिळाली तर येऊ.

“मग तोवर?” रोहिदासने विचारलं.

“तोवर राहू दे की झाकलेलं,” दोघे एका सुरात म्हणाले. दोन तालुक्यांचं त्या दौऱ्यातलं हे पहिलं एकमत.

प्रदर्शन सुरू झालं. शेजारच्या स्टॉलवर तुर्कस्तानचा एक माणूस पंपाने पाणी उडवून दाखवत होता, समोर एक चिनी पोरगी मक्याची कणसं सोलणाऱ्या यंत्रात सकाळपासून कणसं घालत होती. भीमा-घोडच्या स्टॉलवर भगव्या कापडाखाली काही तरी उभं होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी फेटे बांधलेली माणसं खुर्च्यांवर बसली होती. लोक येत, हळू आवाजात बोलत. एका म्हाताऱ्याने तर डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

दुपारी एक बाई आल्या. नाव रेहेमा. उंच, धिप्पाड, खांद्याला मोठी पिशवी. कांद्याच्या व्यापारी होत्या. स्टॉलच्या फलकावर कुणाच्या तरी कृपेने कांद्याचं चित्र आलं होतं, ते पाहून थांबल्या.

“खाली काय आहे?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“सरप्राइज,” पृथ्वीराज म्हणाला.

रेहेमाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग रोहिदासकडे पाहिलं, कारण तो एकटाच फेट्याविना होता आणि त्याच्या नखांत ग्रीस होतं. रोहिदासला इंग्रजी येत नव्हतं. त्याने दोन्ही हातांचे रूळ करून फिरवून दाखवले, मुठीचा मोठा कांदा केला, मग मध्यम, मग अंगठ्याच्या पेराएवढी गोल्टी. आणि तिन्हींना तीन दिशांना टाकून दिलं. बाईंचे डोळे चमकले. त्यांच्याकडे चाळीस बाया कांदा निवडायला होत्या, आणि त्यातल्या निम्म्या कायम कुणाच्या तरी लग्नाला गेलेल्या असत.

“दाखवा,” त्या म्हणाल्या.

“उद्या,” पृथ्वीराज म्हणाला. “व्हीआयपी येणार आहेत.”

“व्हीआयपी कांदा विकत घेतात?”

पृथ्वीराजने याचं मराठी करून सांगितलं नाही.

संध्याकाळी सारिकाचा व्हिडिओ कॉल आला. रोहिदासने मोबाइल स्टॉलवर फिरवला.

“ते भगवं काय हाय?”

“आपलं यंत्र.”

“आन् त्याला काय झालंय?”

“अनावरण व्हायचंय. आप्पांचं आन् दादांचं जुळंना.”

सारिका म्हणाली, “आवो, लग्नात अंतरपाट धरत्यात, पर मंगलाष्टकं संपली की सोडत्यात. तुमचं भटजी भांडल्यात म्हून नवरी दिवसभर कापडामागंच उभी व्हय? ओढा की ते!”

“ओढा म्हंजी? मी ओढू?”

“मग कोन, मी येऊ?”

“तसं चालत न्हाई, सारिके. मी बनवनारा हाय. बनवनाऱ्यानं कवा अनावरण केलंय?”

तिने आठवून पाहिलं, तर असं कधीच झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रेहेमाबाई कांदे घेऊन आल्या. पोतंभर, लाल, बारीक-मोठे मिसळलेले, माती लागलेले. हमालाच्या डोक्यावरून ते त्यांनी भगव्या कापडापुढे उतरवलं आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या. विकत घ्यायला निघालेला माणूस कसा दिसतो, हे रोहिदासने आजवर फक्त दुसऱ्यांच्या दुकानात पाहिलं होतं.

आप्पांनाही ते पोतं दिसलं. पण त्यांना त्यात आहेर दिसला.

“अरे, बाई घरून कांदं घेऊन आल्यात!” ते गहिवरून म्हणाले. “आन् आपन नुसतं बघत बसलोय व्हय? खुर्ची आणा. ए, शाल काढ.”

बाईंना खुर्चीत बसवण्यात आलं. तांत्रिक सल्लागाराने त्यांच्या डोक्याला असलेल्या रंगीत कापडावरूनच फेटा बांधला. आप्पांनी शाल दिली, दादांनी नारळ दिला; पुन्हा फोटोसाठी दादांनी शाल दिली, आप्पांनी नारळ दिला. आप्पा भाषणात म्हणाले, की भीमेचं पाणी आणि आफ्रिकेचं पाणी शेवटी एकाच समुद्राला मिळतं. हे भूगोलाला धरून नव्हतं, कारण भीमा पलीकडच्या समुद्राला जाते, पण टाळ्या पडल्या. दादा म्हणाले, की आप्पा सगळं बोलून गेले आहेत, तेव्हा मी फक्त दोन शब्द बोलतो; आणि त्यांनी घोडच्या पाण्यावर सुरुवात केली. पृथ्वीराज दोन्ही भाषणांचा इंग्रजी अनुवाद करत होता. तो दर वेळी “ही इज व्हेरी हॅपी” एवढाच होत होता.

बाई अदबीने बसून राहिल्या. अधूनमधून त्या मांडीवरच्या नारळाकडे बघत. त्यांच्या घरामागे नारळाची बाग होती.

सत्कार संपला. अधिकारीसाहेबांचा निरोप आला, की आज जमत नाही, उद्या बघू. तेव्हा आप्पा आणि दादा मंडळींना घेऊन बोटीने झांजिबार बेटावर लवंगेच्या झाडांचा अभ्यास करायला गेले. पृथ्वीराज अभ्यासाचे व्हिडिओ काढायला सोबत गेला. स्टॉलवर रोहिदास राहिला, कापड राहिलं, पोतं राहिलं आणि फेटा बांधलेल्या रेहेमाबाई.

त्यांनी कापडाकडे बोट दाखवलं. मग पोत्याकडे. मग घड्याळाकडे.

रोहिदास उठला. भगव्या कापडाचं टोक त्याने हातात धरलं. मखमल गार होती. लाल फितीची गाठ त्याने स्वतःच मारलेली होती, सुरगाठ. ओढली की सुटणार. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. मोटरची वायर जोडलेली होती. पोतं ओतायला फार तर एक मिनिट, निवडून व्हायला आणखी काही. ऑर्डर हातभर अंतरावर उभी होती, आणि तिच्या डोक्यावर फेटा होता.

तेवढ्यात त्याला कुरकुंभची जागा आठवली. आपण ऑर्डर आणली नाही तर ती लागणार, आणि ती आप्पांच्या हातात. मग शेडची लाइन आठवली. ऑर्डर आणली तर ती लागणार, आणि ती दादांच्या हातात. दार-ए-सलामला माणूस तीन दिवस असतो. शिरूरला कायमचा असतो.

त्याने टोक सोडलं नाही. दुसऱ्या हाताने आप्पांना फोन लावला.

“आप्पा, गिऱ्हाईक उभं हाय. मी जरा कापड बाजूला करू का? फीत तशीच ठिवतो. पुन्हा झाकतो लगीच.”

फोनमध्ये वारा ऐकू येत होता. “अरे, कर की! त्यात इचारायचं काय?” आप्पा मोकळेपणाने म्हणाले. “आपल्याला कसला आलाय मान! फक्त दादांच्या कानावर घाल. त्यांना वाईट वाटायला नको.”

त्याने दादांना लावला. दादा त्याच बोटीवर होते, पण दुसऱ्या टोकाला.

“रोहिदास, तुझंच यंत्र हाय बाबा,” दादा म्हणाले. “माझी काडीची हरकत न्हाई. आप्पा म्हणतील तसं.”

“आप्पा म्हनले, दादांना इचार.”

“असं म्हणाले? मग थांब. तू उघडशील, आन् उद्या ते म्हनतील, दादांनी उघडायला लावलं.”

रोहिदासने पुन्हा आप्पांना लावला. आप्पांनी पुन्हा दादांकडे पाठवलं. बोट झांजिबारला लागेपर्यंत ती परवानगी तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रोहिदासच्या मोबाइलवरून ये-जा करत होती. दोघांनी मिळून त्याला सहा वेळा ‘हो’ म्हटलं. असले ‘हो’ ऐकत त्याचा जन्म गेला होता. त्याने फोन ठेवला आणि कापडाचं टोकही ठेवलं.

“टुमारो,” तो म्हणाला. इंग्रजीतला हा शब्द त्याला दोन दिवसांत पाठ झाला होता.

रेहेमाबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आपलं कार्ड त्याच्या खिशात घातलं, हमालाला बोलावून पोतं उचललं आणि गेल्या. शाल आणि नारळ मात्र खुर्चीवर ठेवून गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या एकदाच दिसल्या, चिनी पोरीच्या स्टॉलपलीकडे. स्टॉलवर खुर्ची मांडलेली आणि तांत्रिक सल्लागार हातात फेटा घेऊन उभा असलेला पाहून त्यांनी लांबूनच हात हलवला आणि बाहेरची वाट धरली.

अधिकारीसाहेब आले नाहीत. चार वाजले. तुर्काने पंप खोक्यात भरला. चिनी पोरीने उरलेली कणसं झाडलोट करणाऱ्या बायांना वाटून टाकली. मांडववाले शेजारच्या स्टॉलचे नट काढू लागले, तेव्हा आप्पा आणि दादा दोघेही एकदम म्हणाले, की असं झाकलेलं परत नेलं तर तालुक्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

संकट आलं की माणसं एकत्र येतात. आप्पांनी कापडाचं डावं टोक धरलं, दादांनी उजवं. फीत दोन ठिकाणी कापायचं ठरलं. पृथ्वीराज “वन, टू, थ्री” म्हणाला. कापड बाजूला झालं, टाळ्या वाजल्या, नारळ फुटला, आणि येमाई ग्रेडर दोन्ही तालुक्यांच्या शुभहस्ते जगापुढे आला. त्या वेळी तिथे जग म्हणून मांडववाले दोन पोरगे होते.

“चालू कर, रोहिदास!” आप्पा म्हणाले. “होऊ द्या आवाज!”

रोहिदासने बटण दाबलं. हॉलची वीज मगाशीच बंद केलेली होती. मग व्हिडिओत दिसावं म्हणून त्याने रूळ हाताने फिरवले. वरून ओतायला कांदे नव्हते, तेव्हा ठेकेदाराने फुटलेल्या नारळाचे तुकडे टाकले. ते बरोबर तीन तोंडांतून तीन आकारांत पडले.

“बघा!” दादा म्हणाले. “नारळसुद्धा निवडतं!”

शिष्टमंडळ परत आलं. शिरूरला दादांच्या कार्यालयात सत्कार झाला, दौंडला आप्पांच्या पुढाकाराने वेगळा झाला. ‘आफ्रिकेत भीमा-घोडचा डंका’ या मथळ्याखाली एका साप्ताहिकात फोटो आला. त्यात भगवं कापड ठसठशीत होतं. पुढच्या वर्षी व्हिएतनामला जायचं ठरलं. रोहिदासलाही शाल मिळाली. तिच्या कोपऱ्याला दार-ए-सलामच्या कांद्याची माती लागलेली होती, म्हणजे ती एकदा वापरून झालेली होती.

ऑर्डर नव्हती. महिनाअखेरीच्या आत रोहिदास कुरकुंभला हजर झाला. आप्पांनी शब्द पाळला.

सारिकाने शेडला कुलूप घातलं, पण चावी सासूकडे न देता स्वतःच्या कमरेला ठेवली. रोहिदासच्या सदऱ्याच्या खिशात तिला ते कार्ड सापडलं होतं. शेडमध्ये यंत्राचा पहिला नमुना होता. एका दुपारी तिने तो चालू केला, शेजारणीकडून मागून आणलेले कांदे ओतले, दिराच्या पोरीला मोबाइल धरायला लावून व्हिडिओ काढला आणि त्या नंबरवर पाठवून दिला. खाली पोरीकडून इंग्रजीत लिहून घेतलं, की आम्ही कापडवाले.

उत्तर लगेच आलं. रेहेमाबाईंनी लिहिलं होतं, की तुमचे मालक फार भले आहेत. त्यांनी हातांनी जे दाखवलं, ते मी त्याच संध्याकाळी मोबाइलवर शोधलं. असं यंत्र बनवणारा तुमच्याच राज्यातला एक माणूस सापडला. मी त्याच्याकडून दोन मागवली आहेत. सोबत फोटो होता. त्यात यंत्र उघडंच होतं आणि त्याच्या पाटीवर निफाडचा पत्ता आणि मोबाइल नंबर होता.

सारिकाने पाटीवरचा नंबर लावला. पलीकडून एका पुरुषाने “बोला ताई” म्हटलं. मागे ग्राइंडरचा आवाज येत होता.

“दादा, तुमी आफ्रिकेला दोन मशिनी पाठवल्या का?”

“हो, पाठवल्या ना. बाई सावकारावानी रोज फोन करायची. का बरं?”

“तुमचा ष्टॉल कंच्या बाजूला होता? आमचं मालक बी तिथंच होतं, त्यांना दिसला न्हाई.”

“स्टॉल?” तो म्हणाला. “माझ्याकडं पासपोर्टच नाही ताई.”